टॉवर आला, फोन आले, तरी बायका नेटवर का नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा: दुर्गम भागात टॉवर उभा राहिला, बहुतेक घरांत फोन आला, एक-दोन प्रशिक्षणंही झाली. तरी आरोग्याचे संदेश, बँकेची कामं, सरकारी अर्ज यांत बायका दिसत नाहीत. अडचण नेमकी कुठे आहे आणि हात आधी कुठे घालावा?

सुरुवात मोजणीपासून करा, कारण बहुतेक कामं तिथेच फसतात. ‘घरात मोबाइल आहे का?’ या प्रश्नातून मिळणारी टक्केवारी घराची असते, बाईची नसते. भारताच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) बायकांकडे स्वतः वापरतात असा मोबाइल आहे का, हे विचारलं होतं. ग्रामीण भागात जेमतेम ४७ टक्के बायकांचं उत्तर ‘हो’ होतं, शहरांत ६९ टक्के. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या ग्रामीण बायका त्याच सर्वेक्षणात २५ टक्क्यांच्या आत निघाल्या, ग्रामीण पुरुष ४९ टक्क्यांच्या आसपास. जगाचं चित्रही फार वेगळं नाही. जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातले सुमारे ४ टक्के लोक मोबाइल इंटरनेटच्या कक्षेबाहेर राहतात. कक्षेत असूनही ते न वापरणारे मात्र ३९ टक्के आहेत. म्हणजे टॉवरनंतरची वाट जास्त लांब आहे, आणि त्या वाटेवर बायका पुरुषांपेक्षा आधी अडतात.

म्हणून पाहणीत हे विचारा: रात्री फोन कुठे असतो? सिम कोणाच्या नावावर आहे? पिन कोणाकोणाला माहीत आहे? रिचार्ज कोण करतं? गेल्या सात दिवसांत तुम्ही स्वतःहून कोणाला फोन लावला? प्रश्न बाईला एकटीला विचारा. सासू, नवरा किंवा मुलगा शेजारी बसला असेल तर उत्तर बदलतं आणि ते बदललंय हे तुम्हाला कळतही नाही. पाहणी करणारी व्यक्तीही बाई असावी. एवढं केलं तरी टॉवरपासून बाईपर्यंतच्या साखळीतली कडी आपल्या भागात कुठे तुटते ते बऱ्यापैकी दिसतं.

आता एकेक कडी बघू. सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

सिग्नलचं काम पटकन आटोपता येतं, पण ते योग्य जागी उभं राहून करा. पाहणी सहसा चौकात किंवा रस्त्यालगत होते, म्हणजे पुरुष जिथे उभे राहतात तिथे. बाईचा दिवस घरात, पाण्याच्या वाटेवर, रानात जातो. तिथे फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ आणि मग ‘सिमची स्थिती’ उघडून सिग्नलचा आकडा बघा. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीवर उणे ९५ च्या आसपास काम नीट चालतं, उणे ११० च्या खाली कॉल तुटायला लागतात, उणे १२० ला जवळपास काहीच होत नाही. जाड भिंतीच्या किंवा पत्र्याच्या घरात दारापासून आतल्या खोलीपर्यंत हा आकडा सहज १०-१५ ने घसरतो.

दुसरी तपासणी फोनच्या बँडची, म्हणजे फोन कोणत्या वारंवारितेच्या लहरी पकडतो त्याची. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्या शिरतात. २१०० किंवा २३०० च्या लहरी लवकर विरतात. दुर्गम भागातला टॉवर बहुधा कमी वारंवारितेवर चालतो, आणि स्वस्त किंवा बाहेरून आणलेल्या फोनमध्ये नेमका तोच बँड नसतो. मग टॉवर समोर दिसतो आणि फोनवर ‘सेवा नाही’. फोन एकगठ्ठा घेण्याआधी कंपनीकडून त्या टॉवरचे बँड विचारून घ्या आणि फोनच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा. नेटवर्क फक्त फोर-जीचं असेल तर साध्या बटणाच्या फोनलाही व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरून बोलण्याची सोय, लागते, नाहीतर त्यावरून बोलताच येणार नाही.

चार्जिंगकडे लोक किरकोळ बाब म्हणून बघतात. बायकांच्या बाबतीत ती किरकोळ नाही. घरात वीज थोडा वेळच येत असेल आणि चार्जर एकच असेल, तर पहिला हक्क कोणाच्या फोनचा हे सांगायला नको. वीज नसलेल्या वस्तीत फोन चार्जिंगला दूर न्यावा लागतो. बाई स्वतः जाऊ शकत नाही, फोन दुसऱ्याच्या हाती जातो आणि अर्धा दिवस तिथेच राहतो. त्यात सिग्नल कमकुवत असला की टॉवरपर्यंत पोचण्यासाठी फोन जास्त शक्ती खर्च करतो. शहरात दीड दिवस टिकणारी बॅटरी अशा ठिकाणी संध्याकाळपर्यंत मान टाकते.

हिशोब सोपा आहे. बटणाच्या फोनची बॅटरी साधारण १००० एमएएच असते, ती भरायला गळती धरून ५ वॅट-तास लागतात. ५००० एमएएचच्या स्मार्टफोनला २५. दहा वॅटचं सौर पॅनल चांगल्या उन्हाच्या पाच तासांत प्रत्यक्षात ३०-३२ वॅट-तास देतं. म्हणजे एका पॅनलवर रोज एक स्मार्टफोन किंवा बटणाचे सहा फोन. फोन थेट पॅनलला जोडू नका. ढग आला की चार्जिंग तुटतं, पुन्हा सुरू होतं, आणि काही फोन ते परत पकडतच नाहीत. पॅनलने पॉवर बँक भरा आणि पॉवर बँकेने रात्री फोन भरा. पॅनल बायकांच्या गटाच्या ताब्यात आणि त्या रोज जातात अशा जागी असावं.

सिम आणि नंबर: खरी गाठ इथे आहे

माझ्या मते सगळ्यात जास्त जोर इथे लावायला हवा. फोन हातात असणं आणि नंबर आपला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज बँक, अनुदान, दवाखान्याची नोंद, मुलांची शिष्यवृत्ती या सगळ्यांची किल्ली म्हणजे ज्या नंबरवर ओटीपी येतो तो नंबर. खात्यावर नाव बाईचं, नंबर नवऱ्याचा किंवा दिराचा, अशी नोंद असली की व्यवहार तिच्या नावावर होतात आणि तिला ते कळतही नाहीत. नवरा कामासाठी बाहेरगावी गेला तर फोनबरोबर ओटीपीही जातो, आणि खात्यात पैसे असूनही ती अडकते.

सिम तिच्या नावावर का नाही, याचं पहिलं कारण कागद. दीडशेहून अधिक देशांत सिमसाठी ओळखपत्र सक्तीचं आहे. जागतिक बँकेच्या अंदाजाने जगात ८० कोटींहून अधिक लोकांकडे अधिकृत ओळखपत्रच नाही, आणि गरीब देशांत त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. ओळखपत्र असलं तरी लग्नाआधीचं नाव, जुना पत्ता, चुकलेली जन्मतारीख यावर अर्ज परत येतो. दुसरं कारण बोटांचे ठसे. शेतात, दगड-मातीत, राखेने भांडी घासण्यात राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा घेत नाही. अशा वेळी बोट धुऊन, पुसून, किंचित ओलसर ठेवून पुन्हा लावा. अंगठ्याऐवजी करंगळीशेजारचं बोट लावून बघा, त्यावर घासाघीस कमी झालेली असते. तेही नाही जमलं तर डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीची सोय आहे का ते विचारा. ‘उद्या या’ हे उत्तर घेऊन तिला परत पाठवणं सगळ्यात महाग पडतं, कारण तिला पुन्हा दिवस मोकळा मिळत नाही. नोंदणीचं यंत्र वस्तीवर आणता आलं तर एका दिवसात जे होतं ते एरवी महिन्यात होत नाही.

सिम मिळाल्यावर ते जिवंत ठेवणं हे वेगळंच काम आहे. बराच काळ, अनेक ठिकाणी सुमारे ९० दिवस, काही वापर किंवा रिचार्ज झाला नाही की कंपनी नंबर बंद करते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कोणाला देते. बँकेत जुनाच नंबर राहिला तर ओटीपी परक्या माणसाकडे जातो. आपल्या भागातल्या कंपनीचा नेमका नियम विचारून घ्या. गटाच्या मासिक बैठकीत प्रत्येकीने आपल्या सिमवरून एक कॉल करायचा आणि वैधता बघायची, एवढा परिपाठ ठेवला तर हा धोका बराचसा टळतो. नंबर बदलावाच लागला तर क्रम पाळा: जुनं सिम चालू असतानाच बँकेत आणि ओळखपत्राच्या नोंदीत नवा नंबर घाला, पडताळणी करा, मगच जुनं सिम सोडा.

फोन सामायिक असेल आणि दुसरा घेणं शक्य नसेल तर किमान सिम वेगळं करा. दोन सिमच्या फोनमध्ये तिचं सिम दुसऱ्या खाचेत बसतं. फोन घरातल्या माणसाबरोबर बाहेर जाणार असेल तर ते काढून बटणाच्या जुन्या फोनमध्ये घालता येतं. सिमला पिन लावता येतो. मूळ पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असतो, तो बदलायचा. इथे जपून: तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि ते उघडायला पीयूके नावाचा आठ आकडी कोड लागतो, तो दहादा चुकला की सिम कायमचं बाद. सिम ज्या मोठ्या कार्डातून काढून घेतात त्यावर पीयूके छापलेला असतो. ते कार्ड फेकू नका, ओळखपत्राबरोबर ठेवा.

फुकट फोन वाटण्याबद्दल सावध राहा. नावापुरता बाईला दिलेला चांगला स्मार्टफोन काही दिवसांतच घरातल्या तरुण मुलाच्या खिशात दिसतो. याउलट हप्त्याने घेतलेला फोन, ज्याचे हप्ते तिने स्वतः भरलेत आणि ज्याने तिचं एक ठरावीक कमाईचं किंवा नोंदीचं काम होतं, तो तिच्याकडे टिकतो. बांगलादेशात १९९७ मध्ये ग्रामीणफोनने गावोगावच्या बायकांना कर्जावर मोबाइल दिला आणि गावकऱ्यांनी पैसे देऊन त्यावरून बोलायचं अशी सोय केली. तिथे फोन बाईच्या धंद्याचं साधन होता, म्हणून तो तिचाच राहिला.

शिकवताना काय चुकतं

नेहमीचं प्रशिक्षण म्हणजे तीस-चाळीस बायका, एक पडदा आणि दोन तासांचं भाषण. त्यातून काही उरत नाही. सहा-आठ जणींचा गट, प्रत्येकीच्या हातात तिचाच फोन, दीड तास, आठवड्यातून एकदा, निदान सहा आठवडे, असं करा. शिकवणाऱ्या बाईने शिकणारीच्या हातातून फोन घ्यायचा नाही, हा नियम कडक ठेवा. ‘आण, मी करून देते’ म्हटलं की शिकणं तिथेच थांबतं. वेळ त्यांच्या कामाच्या हिशोबाने ठरवा आणि मुलं सांभाळायला एक माणूस ठेवा. पहिल्या सत्राच्या आधी घरातल्या मोठ्यांना तासभर बोलवून काय शिकवणार ते मोकळेपणाने सांगा. ज्या घरात फोन म्हणजे बिघडणं असा समज आहे, तिथे हा तास वाचवला तर पुढचे सगळे वाया जातात.

क्रमही महत्त्वाचा आहे. पहिल्या आठवड्यात फक्त चालू-बंद, चार्जिंग, आवाज, कॉल घेणं आणि लावणं. वाचता न येणाऱ्या बहुतेक बायका आकडे ओळखतात, कारण पैशांचा व्यवहार त्या रोज करतात. म्हणून आकड्यांपासून सुरू करा. जवळच्या नंबरांना माणसाचा फोटो लावा, म्हणजे नाव वाचावं लागत नाही. मग आवाजाचा संदेश पाठवणं, मग फोटो, मग बोलून शोधणं. मराठीत बोलून टाइप करता येतं, पण त्याला बहुधा इंटरनेट लागतं. ऑफलाइन भाषा उतरवून घेण्याची सोय फोनमध्ये असेल तर ती सिग्नल असलेल्या जागीच करून ठेवा. पैशांचे व्यवहार अगदी शेवटी, आणि तेही आधी अगदी छोट्या रकमेने.

एक बारीक गोष्ट, जी शिकवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. नवशिकी बाई पडद्यावर बोट जोरात आणि वेळ लावून दाबते, बटणाच्या फोनवर दाबावं तसं. स्मार्टफोनला ते ‘धरून ठेवणं’ वाटतं. मग ॲप उघडण्याऐवजी चिन्ह हलतं, कधी काढूनच टाकलं जातं, आणि ती घाबरून म्हणते, फोन बिघडला. सेटिंगच्या सुलभतेच्या भागात स्पर्श धरून ठेवण्याचा कालावधी ‘जास्त’ करा, हा त्रास बराच कमी होतो. घट्टे पडलेल्या बोटांच्या टोकाला पडदा नीट दाद देत नाही. तिथे टोकाऐवजी बोटाची मऊ गादी टेकवायला सांगा, आणि पडद्यावर वरून चिकटवलेली जाड संरक्षक काच काढा.

‘नेट चालत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा टॉवर नसतोच. विमान मोड चुकून लागलेला असतो, मोबाइल डेटा बंद असतो, किंवा डेटा रिचार्ज नसलेल्या सिमवर वळलेला असतो. साठवण भरली असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो-व्हिडिओ उतरत नाहीत. त्यासाठी सेटिंगमध्ये माध्यमं आपोआप उतरवणं बंद ठेवा, डेटाही वाचतो. आणि एक हमखास हुलकावणी: बॅटरी पूर्ण संपली की स्वस्त फोनची तारीख मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळं आणि बँकेची ॲप उघडायला नकार देतात, कारण त्यांचं प्रमाणपत्र त्या तारखेला वैध दिसत नाही. तारीख-वेळ ‘आपोआप’ वर ठेवा. हे चार-पाच दोष ओळखणारी एक बाई प्रत्येक वस्तीत तयार झाली की दुरुस्तीच्या नावाखाली फोन परक्या हातात जाणं थांबतं.

सगळ्यांना स्मार्टफोनवर आणण्याचा अट्टहासही नको. बटणाच्या फोनवर आवाजी सेवा उत्तम चालते: मिस्ड कॉल द्यायचा, परत कॉल येतो, हवं ते ऐकण्यासाठी आकडा दाबायचा. वाचावं लागत नाही आणि खर्चही पडत नाही. भारतातली ‘किलकारी’ ही सेवाही अशीच आवाजी आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक असे ७२ ध्वनिसंदेश त्यात जातात. अशी सेवा उभारताना तीन गोष्टी बघा. कॉल तिच्या मोकळ्या वेळेत जावा आणि नाही उचलला तर वेगळ्या वेळी पुन्हा जावा. बोली तिथली असावी. आणि नोंदलेला नंबर तिचाच आहे ना, ते फोन करून पडताळावं. नवरा दिवसभर बाहेर असताना गरोदरपणाचा सल्ला त्याच्या खिशात वाजतो, असं सर्रास होतं.

इंटरनेटशिवाय पैसे पाठवायला तारांकन (*) आणि चौकटीचे (#) कोड, म्हणजे यूएसएसडी, उपयोगी पडतं. पण ते वेळेत उत्तर न दिल्यास मध्येच तुटतं आणि मागे काही नोंद उरत नाही. तुटलं की लगेच पुन्हा पाठवायचं नाही, आधी शिल्लक बघायची, नाहीतर पैसे दोनदा जातात. एजंटकडे जायचं तर पिन तोंडाने सांगायचा नाही, स्वतःच दाबायचा. एजंट बाई असेल तर बायका बिचकत नाहीत.

सुरक्षितता

अनोळखी नंबरांवरून येणारे कॉल, घाणेरडे संदेश, फोटोचा गैरवापर यांमुळे बायका फोन सोडून देतात, किंवा घरचे काढून घेतात. त्रास देणारा दुसराच, आणि शिक्षा तिला. म्हणून नंबर ब्लॉक करणं पहिल्या-दुसऱ्या सत्रातच शिकवा. व्हॉट्सॲपवर प्रोफाइलचा फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करा, अनोळखी माणूस गटात ओढू शकणार नाही असं ठेवा आणि सहा आकडी दुहेरी पडताळणी लावा. खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, फोनमध्येच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो जुळवून फोटो रोखतात. ती प्रौढांसाठी आहे. मुलगी १८ वर्षांखालची असताना काढलेल्या फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही वेगळी सेवा आहे.

कॉल दुसरीकडे वळवले आहेत का, हे *#२१# लावून कळतं, आणि ##००२# ने सगळं वळवणं रद्द होतं. व्हॉट्सॲपमधल्या ‘जोडलेली उपकरणं’ या यादीत दुसरा कुठला फोन किंवा संगणक दिसतो का तेही बघा. मात्र पाळत घरातूनच होत असेल आणि मारहाणीची भीती असेल, तर तिथल्या तिथे ती तोडू नका. पाळत अचानक बंद झाल्याचं समोरच्याला लगेच कळतं आणि राग तिच्यावर निघतो. आधी तिच्याशी एकांतात बोला, तेही तिच्या फोनवरून नाही. जायला सुरक्षित जागा, विश्वासाचं माणूस आणि पाठ केलेला एक मदतीचा नंबर तयार असू द्या. कधी आणि काय बदलायचं ते तिलाच ठरवू द्या.

सहा महिन्यांनी पुन्हा तेच पाच प्रश्न त्याच बायकांना विचारा. किती प्रशिक्षणं झाली, किती फोन दिले हे आकडे अहवालात जाऊ द्यात, पण काम पुढे सरकलं का हे ठरवताना तीन गोष्टी पाहा: बँकेत नोंदलेल्या नंबरवर फोन केला तर ती स्वतः उचलते का, गेल्या आठवड्यात तिने स्वतःहून कॉल किंवा संदेश केला का, आणि तिचा पिन फक्त तिलाच माहीत आहे का. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ येणाऱ्या बायकांची वेगळी यादी करा. त्यात सहसा नवविवाहित मुली, एकट्या वृद्ध बायका आणि ऐकू किंवा दिसायला त्रास असलेल्या बायका सापडतात. दिसत नसेल तर अँड्रॉइडमधलं ‘टॉकबॅक’ पडदा वाचून दाखवतं, ऐकू येत नसेल तर कंपन आणि चित्रसंदेश कामी येतात. त्यांच्यासाठी गटाचं सत्र पुरत नाही, घरी जाऊन एकेकीबरोबर बसावं लागतं. अंदाजपत्रकात तो खर्च पहिल्याच वर्षी धरा.